तीन चाकी स्ट्रोलर घेऊ का?

बाळ ४ महिन्यांचं आहे, रस्ता खडबडीत आणि मला परत पळायलाही जायचंय, काय बघून घेऊ?

– हवेची मोठी चाकं बघ, दणके कमी बसतात, आमचं पिल्लू तर खडीवरून नेलं तरी झोपलेलं असतं, पंक्चर होतात तेवढं सोडलं तर मस्त. आणि पुढचं चाक लॉक व्हायलाच हवं, नाहीतर पळताना दगड लागला की गाडी गर्रकन वळते.

– पळायची घाई नको गं! मान पक्की धरू दे, निदान ६ महिने तरी, डॉक्टरांना विचारूनच. ५ पॉइंटचा बेल्ट (दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून येणारा) मात्र रोज लाव.

– हँडलला पिशव्या अडकवू नकोस, बाळाला उचललं आणि आमची गाडी धाडकन मागे उलटली. घडी डिकीत मावते का तेही बघ.