माळव्यात आलेल्या पहिल्या मराठी बायकांवर कादंबरी लिहितेय, देवधर्म कसा दाखवू?

राजवाड्यामागची (इंदूर):
मंडळी, अडलंय. अमेरिकेत 1840 नंतर कुटुंबंच्या कुटुंबं बैलगाड्या जुंपून ओरेगॉनला गेली, मिसुरीपासून जवळजवळ 3,200 किमी, त्यातल्या बायकांवरच्या कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचते. पाच-सहा महिने बहुतेक पायीच, सरपण नाही म्हणून बायसनच्या वाळक्या शेणावर स्वयंपाक (गोवऱ्याच की!), कॉलऱ्यानं कोणी गेलं की वाटेतच पुरायचं आणि गाडी पुढे. जवळ बायबल. मग वाटलं आपल्याही बायका अशाच आल्या ना इकडे, म्हणून 1730 च्या सुमाराची, नवऱ्याच्या मागे नर्मदा ओलांडून येणारी एक शिलेदारीण घेतलीय. पण संकट आलं, तिनं हात जोडले, संकट टळलं असं लिहिलं की टीव्ही सिरीयल होते, आणि देव काढला तर बाई आजची वाटते. काय करू?

लश्करवाला (ग्वाल्हेर):
ताई, हात जोडणं कमी करा आणि कामं दाखवा. आमच्याकडे देवांचे चांदीचे टाक आहेत, घासून घासून खंडोबाचा घोडा कुठला आणि म्हाळसा कुठली तेच कळत नाही आता. असले टाक घेऊन निघालेली बाई ते बांधणार कशात, नदी उतरताना आधी गाठोडं धरणार की पोर? आणि सुतक! भाऊबंदातलं कोणी गेलं की दहा दिवस देवाला शिवायचं नाही, पण मोहिमेवर आज दीर गेला, पंधरवड्यानं पुतण्या, मग देव पारोसेच ठेवायचे का? तिनं अकराव्या दिवसाची वाट न बघता गुपचूप पाणी घातलं तर ती श्रद्धा की बंड, हे वाचकाला ठरवू दे. नवस फळलाच पाहिजे असंही नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी भाऊसाहेब गेले हे मानलंच नाही, आता त्याला तुम्ही काय म्हणाल?

मांडवीजवळची काकू (बडोदा):
टाकांचं पटलं, पण मला दुसरंच खटकतंय. त्या अमेरिकन बायकांना 1862 च्या कायद्यानं स्वतःच्या नावावर 160 एकर मिळायची, विधवेला, बिनलग्नाच्या बाईलासुद्धा, फक्त पाच वर्षं राहून कसायची. ऐकायला छान. पण ती जमीन रिकामी नव्हती ना, तिथल्या मूळ लोकांना हुसकून मोकळी केलेली. आपलं तरी काय वेगळं, आपली माणसं चौथाई वसूल करायलाच आलेली की! 1731 ला इथे डभईजवळ तर मराठेच मराठ्यांशी लढले, त्यात दाभाड्यांचे त्रिंबकराव पडले. मग ज्या गावात घोडी शिरली तिथली बाई दार लावून आत तिच्या मातेलाच हाक मारत असेल ना? तुमची शिलेदारीण त्या दारावर पाणी मागायला जाऊ दे एकदा. दोघींचे देव समोरासमोर. हे न घालता नुसते कष्ट नि भक्ती लिहिलीत तर गोड होईल, खरं नाही वाटणार.

बिनकामाचा वाचक (इंदूर):
अहिल्याबाईंना मध्येच आणू नका, 1730 ला त्या पाच वर्षांच्या होत्या 😄 बाईच्या हातात पैसा दाखवायचा तर मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई आहेत, 1734 मध्ये त्यांच्या नावानं खासगी जहागीर झाली. आणि उपासाला साबुदाणा नको हं, तो फार नंतरचा. भगर चालेल.

राजवाड्यामागची (इंदूर):
अरे देवा, तिसऱ्या पानावरच साबुदाणा भिजत घातलाय मी! काढते. काकू, दारावरचा प्रसंग घेतेय, फक्त ती बाई पाणी देईल का नाही ते ठरत नाहीये. लश्करवाले, सुतकाचं तर अख्खं प्रकरण होईल. आता नर्मदा कुठे उतरवू हिला, हंडियाला?

लश्करवाला (ग्वाल्हेर):
खानदेशातून येणार असेल तर अकबरपूरचा उतार घ्या, फौजा तिथूनच यायच्या. हंडिया फार पूर्वेला पडेल.