बेलफास्टमधला सेंट पॅट्रिक्स डे : झेंडा, प्रार्थना, गाणी कशी ठरवावीत?

रानवारा : बेलफास्टमधल्या एका वस्तीच्या हॉलमध्ये १७ मार्चला, म्हणजे आयर्लंडचे संरक्षक संत पॅट्रिक यांच्या दिवशी, आयरिश वारशाचा कार्यक्रम करायचा आहे. समितीत कॅथलिक आहेत, प्रॉटेस्टंट आहेत, आपले भारतीयही आहेत. शेवटी छोटी मिरवणूक काढायची आहे. पण आयर्लंडचा हिरवा-पांढरा-केशरी तिरंगा लावायचा की नाही, यावरच बैठक अडली आहे. कोणालाही परकं वाटू नये म्हणून काय काय पाहावं?

खाडीकाठ : आधी मिरवणुकीचं उरका. रस्त्यावर उतरणार असाल तर २८ दिवस आधी पोलिसांकडे ११/१ हा फॉर्म द्यावा लागतो, तो पुढे मिरवणुकांवर देखरेख करणाऱ्या परेड्स कमिशनकडे जातो. मार्ग, वेळा, बँड सगळं त्यात लिहायचं. मुदत चुकली तर हॉलच्या आवारातच थांबा.

आयर्लंडच्या तिरंग्यातला हिरवा गेलिक, म्हणजे मुख्यतः कॅथलिक परंपरेचा, केशरी विल्यम ऑफ ऑरेंज या प्रॉटेस्टंट राजाला मानणाऱ्यांचा आणि पांढरा दोघांमधल्या सलोख्याचा. १८४८ सालचा हा अर्थ उत्तम आहे, पण ब्रिटनबरोबर असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये तो झेंडा एकाच, कॅथलिक-राष्ट्रवादी बाजूचा मानला जातो. मग कोणीतरी सेंट पॅट्रिकची लाल फुली सुचवेल. ती १८०१ पासून ब्रिटनच्या झेंड्यात, युनियन जॅकमध्ये आहे, त्यामुळे संयुक्त आयर्लंड हवं असणाऱ्या काही राष्ट्रवाद्यांना ती खटकते. माझं मत : झेंडे नकोतच, शॅमरॉक म्हणजे तीन पानांचं आयरिश चिन्ह घ्या. ब्रिटिश लष्करातल्या आयरिश गार्ड्सनाही त्या दिवशी शॅमरॉकच देतात. सेल्टिक-रेंजर्सचे टीशर्ट नकोत (या ग्लासगोच्या फुटबॉल संघांचे चाहते इथे कॅथलिक-प्रॉटेस्टंट असे विभागलेत), हे आमंत्रणातच लिहा. दारात सांगितलं की वाद होतो. पत्रकावर शहराचा उल्लेख आला तर एकाच शहराची डेरी (राष्ट्रवाद्यांचं) आणि लंडनडेरी (ब्रिटनवाद्यांचं) अशी दोन्ही नावं छापा.

तिठा : झेंड्याचं पटलं, पण नुसतं एकेक चिन्ह काढून टाकत गेलात तर हातात हिरवी टोपी तेवढी उरेल. दोन्हीकडचं आणा. बोध्रान या आयरिश हातढोलाबरोबर प्रॉटेस्टंट मिरवणुकांतला लॅम्बेग ढोलही हवा. मात्र हा ढोल अफाट मोठ्याने वाजतो, बंद हॉलमध्ये मुलांचे कान दुखतील. आवारात पाच मिनिटं पुरे. आयरिश भाषेची पाटी लावा, शेजारी अल्स्टर-स्कॉट्स या स्कॉटिश वळणाच्या स्थानिक बोलीची. आयरिश ही फक्त कॅथलिकांची भाषा, असं कोणी म्हटलंच तर आयरिश भाषेसाठी १८९३ मध्ये निघालेल्या गेलिक लीग या संस्थेच्या संस्थापकांतले डग्लस हाइड प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचे चिरंजीव होते, हे सांगा. प्रॉटेस्टंटबहुल पूर्व बेलफास्टमध्ये आज ‘तुरस’ या प्रकल्पात आयरिश शिकवतात, त्यांनाही बोलवा.

पॅट्रिक दोघांचाही आहे. आर्मा शहरात त्याच्या नावाची दोन कॅथेड्रल आहेत, एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंटांच्या चर्च ऑफ आयर्लंडचं. प्रार्थना ठेवायची तर दोन्हीकडच्या धर्मगुरूंनी मिळून, मुख्य कार्यक्रमाच्या आधी, वेगळी वेळ छापून ठेवावी. ज्याला नको तो नंतर येईल. राष्ट्रगीत कोणतंच नको. संपूर्ण बेटाचा रग्बी संघ १९९५ पासून ‘आयर्लंड्स कॉल’ हे गाणं म्हणतो, ते चालेल.

वराडकर_नाही_मालवणकर : कोण कोण चालणार, हेही आत्ताच लिहून ठेवा. बोस्टनच्या सेंट पॅट्रिक्स डे परेडच्या आयोजकांनी समलिंगी गटाला वगळलं आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोजकांचा वगळण्याचा हक्क मान्य केला. न्यूयॉर्कच्या मुख्य परेडमध्ये अशा गटाला स्वतःचा फलक घेऊन चालायला २०१५ उजाडलं. २०१८ मध्ये तिथे आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान, स्वतः समलिंगी असलेले लिओ वराडकर जोडीदारासह चालले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. तुमचा नियम साधा ठेवा : कोणत्याही गटाने आपला फलक आणावा, राजकीय पक्षांचे मात्र नकोत. ट्रॅव्हलर्स या आयर्लंडमधल्या पारंपरिक भटक्या समाजालाही नावानिशी बोलवा.

जेवणात कोलकॅनन हा कुस्करलेल्या बटाट्याचा पदार्थ बेकनशिवाय करा : बटाटा, केल ही पालेभाजी, लोणी, दूध. सोडा ब्रेड ताकावरच होतो, तोही शाकाहारी. बार वेगळ्या खोलीत आणि तोही संध्याकाळी उघडा, म्हणजे मुलं, मुस्लिम शेजारी आणि दारू न घेणारे प्रेस्बिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) दुपारभर निवांत बसतील.