आधी चित्र, मग वाक्य

लहान मुलांना स्लाइड दाखवून इंग्रजी शिकवताना प्रत्येक स्लाइडवर चित्राखाली पूर्ण वाक्य हवंच, असा एक सल्ला असतो. वाचू लागलेल्या मुलांसाठी ठीक आहे. पण पाच-सहा वर्षांच्या मुलांना आधी नुसतं चित्र दाखवावं. मांजर टेबलाखाली लपलंय, शेपटी तेवढी बाहेर. 'व्हेअर इज द कॅट?' विचारलं की मुलं आपल्या भाषेत का होईना, ओरडतातच. तेच उत्तर 'अंडर द टेबल!' म्हणून त्यांना परत द्यायचं, आणि वाक्य पुढच्या क्लिकला. पुढे मांजर खुर्चीखाली, पलंगाखाली. साचा तोच, त्यामुळे थोड्या वेळात मुलं आपणहून बोलू लागतात. गरगरत येणारी अक्षरं मात्र नकोतच, सगळं लक्ष तिकडेच जातं. आणि स्लाइड आपोआप सरकू देऊ नका, मुलांना बोलायला उसंत हवी.