पडल्यापासून गाडीवर बसले की हात आखडतात, परत एलबीएसला कशी जाऊ?

भांडुपची_पोर
नमस्कार मंडळी. १२५ सीसीची बाईक आहे, मार्चमध्ये घेतली, लायसन्स त्याच्या जरा आधीच हातात आलं. रोजचं भांडुप ते पवई ऑफिस, एलबीएसने (लालबहादूर शास्त्री मार्ग) गांधीनगर जंक्शन आणि तिथून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). जुलैत संध्याकाळी येताना पाऊस भुरभुर चालू होता, खोदकामावर लोखंडी प्लेट टाकलेली असते ना रस्त्यात, मी नेमकी तिच्यावर असताना पुढची रिक्षा पॅसेंजर बघून गचकन थांबली, मी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक कधी गेलं कळलंच नाही, गाडी एकीकडे मी एकीकडे. स्पीड पण नव्हता हो, पंचवीस-तीस असेल. मागे बेस्टची बस होती, तो ड्रायव्हर दादा आधीपासूनच लांब राहून चालवत होता म्हणून आज हे टाईप करतेय. गुडघा सोलवटला, उजवं मनगट मुरगळलं, हेल्मेट डाव्या बाजूने घासलं. एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले.

गाडी गॅरेजमधून आली त्याला बरेच दिवस झाले. रोज ठरवते, सोसायटीच्या गेटपर्यंत जाते आणि वळवून परत लावते. ओला रस्ता दिसला की हात आखडतात, खांदे कानाला लागतात, आणि साधं गटाराचं झाकण दिसलं तरी मी त्याच्याकडेच बघत राहते आणि गाडी बरोब्बर त्याच्यावरूनच जाते. पडायच्या आधी असलं काही नव्हतं. आई म्हणते विकून टाक, भाऊ म्हणतो एवढं काय त्यात, उद्याच हायवेला घाल. ट्रेनने कांजूरला उतरलं तर पुढे रिक्षाची लाईन, ती वेगळीच कटकट. जे कोणी पडून परत चालवायला लागलेत त्यांनी नक्की काय केलं ते सांगा प्लीज, "हिंमत ठेव" सोडून काहीही चालेल.

ठाण्याचा_बुलेटवाला
ताई तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. जितके दिवस घालवाल तितकी भीती मुरते. सकाळी सहाला उठायचं, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागायचं, ठाण्यापर्यंत जाऊन चहा मारायचा आणि परत. एकदा केलंत की विषय संपला.

गॅरेजवाला_काका
बुलेटवाल्या, जरा दम खा. पोरी, आधी गाडी बघ, मग स्वतःकडे बघ. पडलेली गाडी गॅरेजमधून आली म्हणजे सरळ झाली असं नसतं. बऱ्याच ठिकाणी इंडिकेटर बदलतात, लिव्हर बदलतात, पॉलिश मारून देतात, पण आऊट झालेलं, म्हणजे वाकडं, हँडल तसंच राहतं. मेन स्टँडवर लाव, समोर दोन पावलं लांब उभी राहा आणि पुढचं चाक एकदम सरळ धर. चाक सरळ असताना हँडलची दोन्ही टोकं सारखी दिसली पाहिजेत. एक टोक पुढे एक मागे दिसलं तर शॉकप, म्हणजे पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पिळलाय. कधीकधी नुसते बोल्ट ढिले करून सरळ करता येतो, कधी पाईपच बेंड असतो, तो बदलावा लागतो. नंतर हँडल हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघ, मध्येच अडकल्यासारखं वाटलं किंवा फारच जड लागलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, जास्त आवळलाय. कोनसेट आवळलेली गाडी स्लो स्पीडला वळवळते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलाच बॅलन्स गेला.

हवा पण चेक कर. पंपावर विचारल्याशिवाय जास्तीच मारतात, पावसात टणक टायर धरत नाही. किती मारायची ते चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पुढची वेगळी मागची वेगळी.

भांडुपची_पोर
काका!! आत्ता खाली जाऊन बघून आले. डावं टोक पुढे आहे. थोडंसंच, पण आहे. म्हणजे गेटपर्यंत जाताना गाडी एका बाजूला ओढतेय असं वाटत होतं ते खरंच होतं? मला वाटलं माझ्या डोक्यात आहे. गॅरेजवाल्याला विचारलं होतं तर म्हणाला मॅडम तुमचा वहम आहे.

गॅरेजवाला_काका
वहम कसला. दुसरीकडे दाखव. आणि "हँडल आऊट आहे, शॉकप चेक करा" एवढंच सांग, भीती बिती वाटते सांगू नकोस, नाहीतर तो गाडी सोडून तुलाच समजवत बसेल.

फिजिओ_मुलुंड
मनगटाबद्दल लिहिते, कारण त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. हात टेकून पडलं की अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकू शकतं, आणि ही तड पहिल्या एक्सरेत कधीकधी दिसतच नाही, म्हणून शंका असेल तर दहा-चौदा दिवसांनी परत एक्सरे काढतात किंवा एमआरआय सांगतात. अंगठा वर ताणला की त्याच्या बुडाशी मनगटावर एक खळगा दिसतो बघ. तिथे बोटाने दाबल्यावर अजून दुखत असेल तर ऑर्थोला परत दाखव, मुरगळलंय म्हणून सोडून देऊ नकोस. या हाडाला रक्तपुरवठा बेताचाच असतो, उशीर झाला तर जुळायला त्रास देतं.

दुसरं म्हणजे, उजवा हात म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. तो हात दुखरा असेल तर तू तो नकळत जपणार, जपलास की अख्खा खांदा आखडणार. गाडी बंद ठेवून पुढचा ब्रेक पूर्ण दाबून थोडा वेळ धरून बघ. कळ आली किंवा हात थरथरला तर आत्ता रस्त्यावर जायचं नाही, आधी व्यायाम. आणि रात्री तोच प्रसंग परत परत दिसत असेल, झोप उडत असेल आणि महिना उलटून गेला तरी कमी होत नसेल तर कोणाशी तरी बोल. टेली मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतून बोलतात.

लोकलची_विंडो_सीट
मी वेगळंच सांगतो. विकली तर काय बिघडलं? मुंबईत टू-व्हीलरवाल्याला कोण विचारतं. सी लिंकला बंदी, फ्रीवेला बंदी, कोस्टल रोडला बंदी, अटल सेतूला बंदी, आणि जिथे खड्डे, प्लेटा, पेव्हर ब्लॉक तिथे या म्हणे स्वागत आहे. मी विकली, सुखात आहे.

माटुंग्याची_मावशी
विंडो सीट, लोकलच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी पुष्कळ म्हणा. तिने विकू का असं विचारलेलं नाही.

अगं पोरी, मी गेली खूप वर्षं चालवतेय, आधी स्कूटर मग बाईक, आणि माझ्यावर सायनला एका कॅबचं दार उघडलं होतं तेव्हा हे सगळं तुझ्यासारखंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचायला कंटाळा आला तर तुकड्या तुकड्याने वाच.

तुझा जो कॉन्फिडन्स गेलाय ना, तेवढं मोठं काही परत आणायला जाऊ नकोस, ते हाताला लागत नाही. तू एका ठराविक कारणाने पडलीस. ओलं लोखंड, त्यावर ब्रेक. बास. टायर आणि ओल्या लोखंडात पकड जवळपास नसतेच, त्यावर चाक फिरत राहिलं तर गाडी सरळ निघून जाते, चाक लॉक झालं की गेली. आणि तुझी १२५ आहे, तिला बहुतेक सीबीएस असेल, म्हणजे नुसता पायाचा ब्रेक दाबलास तरी पुढचाही थोडा लागतो. एबीएस, म्हणजे ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, २०१९ मध्ये कंपल्सरी झालं पण ते १२५ च्या वरच्या गाड्यांना, सव्वाशेपर्यंत सीबीएसवर भागवलं होतं. आपल्या गाडीत काय आहे ते बघून घे, काही १२५ ना एबीएस मिळतं.

आता प्लेट. नियम एकच, मी पुढच्या गाडीला प्लेट पूर्ण ओलांडून पलीकडे जाऊ देते, तोपर्यंत मी प्लेटवर चढतच नाही. म्हणजे ती थांबली तरी मी अजून डांबरावर आहे आणि डांबरावर ब्रेक लागतो. मागचा हॉर्न मारतो, मारू दे, त्याला काय जातंय. जो काही स्पीड कमी करायचा तो प्लेटच्या आधी करायचा, चढताना ब्रेक पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर आहे तिथेच, गाडी न कललेली, हँडल सरळ, आणि उतरेपर्यंत काहीही करायचं नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणं यांनाही हेच लागू.

रिक्षा वाचायला शीक. रिकामी रिक्षा डावीकडे सरकतेय आणि ड्रायव्हरचं डोकं फुटपाथकडे वळलंय म्हणजे ती थांबणारच, इंडिकेटरची वाट बघू नकोस, तो या जन्मात लागत नाही. अशा रिक्षाच्या बरोब्बर मागे राहायचं नाही, थोडं उजवीकडे आणि लांब. एकदा ही सवय लागली की निम्मे गचके अंगावर येतच नाहीत.

झाकणाकडे बघत राहतेस आणि गाडी तिथेच जाते म्हणालीस, ते सगळ्यांचं होतं. नजर जिथे तिथे गाडी. झाकण दिसलं की त्याच्या बाजूची मोकळी जागा शोध आणि नजर तिथे लाव, हनुवटी वर. गुडघ्यांनी टाकी धर म्हणजे हातावर भार येणार नाही, कोपरं सैल. आणि हेल्मेटच्या आत गाणं म्हण, खरंच सांगते, गाताना श्वास रोखून धरता येत नाही. सिग्नलला बाजूचे बघतात, बघू देत.

प्रॅक्टिससाठी हायवे अजिबात नको, बुलेटवाल्याने वाईट वाटून घेऊ नये. रविवारी सकाळी लवकर बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) ये, ऑफिसं बंद, रस्ते रुंद. आधी कोरडा दिवस बघ. वीसच्या स्पीडला पुढचा ब्रेक, पण गपकन नाही, आधी लिव्हरचं सैलपण घ्यायचं, पुढचा शॉकप खाली बसतोय ते जाणवलं की मग जोर वाढवत न्यायचा. शॉकप बसला म्हणजे वजन पुढच्या टायरवर आलं, आता तो धरतो. हे हाताला कळेपर्यंत करत राहा, कंटाळा यायला लागला की समज कळलं. मग तेच ओल्या रस्त्यावर, स्पीड अजून कमी. आरे कॉलनीत जाऊ नकोस यासाठी, झाडांखालचा रस्ता दिवसभर ओला राहतो आणि वर पानं. नवी मुंबईच्या पाम बीच रोडला लोक फार सुसाट असतात.

रस्त्यावर परतताना आधी ऑफिसची वेळ टाळून जा. सुट्टीच्या दिवशी दुपारी गांधीनगरपर्यंत जाऊन परत. मग पवईपर्यंत. पाऊस असेल त्या दिवशी ट्रेनने गेलीस तर तो पराभव वगैरे काही नाही, मी अजूनही धो धो पावसात गाडी काढत नाही.

ठाण्याचा_बुलेटवाला
वाईट नाही वाटलं मावशी 😄 पण माझ्या एका मित्राचं असंच सहा महिने "बघू बघू" करत गाडीची बॅटरी बसली होती म्हणून म्हटलं. ताई, निदान आठवड्यातून दोनदा स्टार्ट तरी करत जा.

भांडुपची_पोर
मावशी, हे मी प्रिंट काढून आईला पण वाचायला देणारे. पुढची गाडी प्लेट पार करेपर्यंत चढायचं नाही हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा काढायला शिकवला आणि आरटीओत तोच काढून दाखवला, संपलं.

फिजिओ मॅडम, खळग्यात दाबलं, दुखतंय थोडं. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. म्हणजे बीकेसी त्यानंतरच.

एक विचारायचं होतं, हेल्मेट वरून फक्त घासलंय, आतून नीट दिसतं. वापरू का? आणि शॉकपचा खर्च निघाला तर इन्शुरन्स क्लेम करू का?

पॉलिसी_पाटील
हेल्मेट बदलाच. आतलं थर्माकोलसारखं फोम एकदाच दबतं आणि मार खातं, दबलेलं बाहेरून दिसत नाही. नवीन घेताना आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ बघा, आणि पट्टा लावल्यावर मागून पुढे ढकललं तर निघता कामा नये.

क्लेमचं गणित असं. नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी, पाच वर्षांची असते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वर्षाचाच घेतलेला असतो. पहिल्या वर्षी क्लेम केला नाही तर रिन्यूअलला त्या भागाच्या प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, क्लेम केला की तो जातो. त्यामुळे आधी गॅरेजकडून एस्टिमेट घ्या, त्यातून डेप्रिसिएशन (पार्ट जुना झाल्याची घट) आणि कम्पल्सरी डिडक्टिबल (आपल्या खिशातून भरायची ठरलेली रक्कम) वजा करा, आणि उरलेली रक्कम बोनसपेक्षा बरीच जास्त असेल तरच करा. कंपनीला लवकर कळवायचं असतं, तुमचं आधीच लांबलंय आणि एकदा रिपेअरही झालंय, म्हणून एस्टिमेट आलं की लगेच फोन करा आणि कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर यायच्या आत गाडी परत उघडू देऊ नका.

भांडुपची_पोर
थँक्यू सर. हेल्मेटसोबत ग्लोव्हज पण घेते, पडताना आधी हातच टेकला होता. पावसात कुठले चालतात? जाड लेदरचे बघितले तर हात फुगल्यासारखा वाटतो.

माटुंग्याची_मावशी
लेदर भिजलं की दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. कापडी, जाळीचे घे, तळहातावर कडक स्लायडर, म्हणजे पडल्यावर घसरणारा टणक तुकडा, असलेले. आणि दुकानातच घालून एखाद्या गाडीचा ब्रेक लिव्हर धरून बघ. बोटांच्या टोकाशी कापड जास्त असेल तर लिव्हर किती दाबला गेला ते कळत नाही. त्यापेक्षा एक साईझ लहान घट्ट बसलेला बरा, वापरून सैल होतो.