मदत हवी आहे: पिकअपचा हौदा गंजलाय, ठिगळ लावू की पत्राच बदलू?

मंडळी, गेल्या महिन्यात २०१६ ची बोलेरो पिकअप सेकंडहँड घेतली, इथे रत्नागिरीतच. इंजिन आणि चासी मेकॅनिकला दाखवून घेतलीय, दोन्ही ठणठणीत, प्रश्न फक्त बाहेरच्या बॉडीचा आहे. आधीचा मालक मासळी वाहायचा, त्यामुळे बर्फाचं खारट पाणी हौद्यात मुरलंय आणि फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बिजागरीजवळ, मागच्या चाकांच्या वर पत्रा एवढा खाल्लाय की स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार जातो, वर रंग पापडासारखा फुगलाय.

केबिनच्या दाराखाली मी स्वतः वायर ब्रशने घासून, ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) लावून बघितलं. १५ दिवसांत तिथंच परत तांबूस डाग. आतल्या बाजूचा गंज तसाच राहिला असणार. एक पेंटर म्हणतो लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारू, पण कुजक्या पत्र्यावर लांबी मला अजिबात पटत नाही, पहिल्या पावसात निघून येईल.

रंग पांढराच ठेवणार, आरसीवर तोच आहे. आंब्याच्या सीझनला गाडी लागणार म्हणून काम मार्चच्या आत, ८ दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवता येणार नाही. बजेट ४० हजारापर्यंत.

तर कुजलेला भाग कापून तेवढाच नवा पत्रा वेल्ड करू की हौद्याचा तळ पूर्ण चेकर प्लेटचा (उठावाच्या नक्षीच्या जाड पत्र्याचा) करून घेऊ? आणि वेल्डिंगनंतर आतून जिथं ब्रश पोचत नाही तिथं खाऱ्या हवेत टिकेल असं काय मारायचं?