एजंटला डेस्कटॉप ॲपमधली बटणं नीट दिसत नाहीत, काय वापरू?

कीबोर्डबहाद्दर: विंडोजवरचं आमचं जुनं बिलिंग ॲप एआय एजंटकडून तपासून घेतोय. नुसत्या स्क्रीनशॉटवर तो ‘सेव्ह’ सोडून शेजारच्या ‘रद्द करा’वर क्लिक मारतो. स्क्रीनचं स्केलिंग (अक्षरं-बटणांचा आकार) १२५ टक्के केलं की विचारूच नका! ॲपची रचनाच त्याला वाचून दाखवेल असं काही आहे का?

शेंडीफोड्या: चित्र दाखवताच कशाला? विंडोजच्या यूआय ऑटोमेशनचं ट्री, म्हणजे ॲपमधल्या बटणं-चौकटींची उतरंडीने मांडलेली यादी, द्या. स्क्रीन रीडर तेच वाचतात. बटणाचं नाव, प्रकार, चालू आहे की बंद, स्क्रीनवरची जागा, सगळं मिळतं. क्लिकही कोऑर्डिनेटवर (स्क्रीनवरच्या ठरावीक बिंदूवर) नको, थेट ‘इन्व्होक’ करा, म्हणजे बटणालाच चालायचा हुकूम द्या. आधी विंडोज एसडीकेमधलं (डेव्हलपरांच्या साधनसंचातलं) ‘इन्स्पेक्ट’ हे ट्री दाखवणारं टूल उघडून बघा. तिथे जे दिसत नाही ते एजंटलाही दिसणार नाही.

कीबोर्डबहाद्दर: बघितलं. टूलबार झकास दिसतोय, पण मधला ग्रिड म्हणजे नुसता एक ‘पेन’ (pane, चौकट). आत शुकशुकाट.

शेंडीफोड्या: म्हणजे ग्रिड कुणीतरी तयार कंट्रोल न वापरता स्वतःच्या कोडने रंगवलाय (जुन्या ॲपांची खोडच ती). सोर्स कोड असेल तर प्रोव्हायडर (ग्रिडची माहिती ट्रीला पुरवणारा कोड) लिहा, नसेल तर तेवढ्या भागापुरता स्क्रीनशॉट.

रात्रपाळी: एक राहिलं. अख्खं ट्री एजंटच्या गळ्यात मारू नका, टोकन (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) भसाभस जातात. समोरची विंडो, दोन-तीन पातळ्या, बाकी मागेल तसं.