मदत हवी आहे : बर्लिनच्या 'ताझ'बद्दल, जर्मन वाचणारं कुणी आहे का?

मंडळी, एका छोट्या व्याख्यानासाठी बर्लिनच्या 'टागेसत्साइटुंग' (सगळे 'ताझ' म्हणतात) या दैनिकाचा इतिहास लिहितोय. समोर भाच्याने आणलेला जुना अंक आहे. नावाशेजारी प्राण्याच्या पंजाचा ठसा, आणि जर्मन माझं दुकानात पाव मागण्यापुरतंच!

सांगाडा जुळलाय. 1978 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये डाव्या तरुणांचा मोठा मेळावा भरला, त्याच वर्षी सप्टेंबरात नमुना अंक, एप्रिल 1979 पासून रोज. सुरुवातीला सगळ्यांना सारखाच पगार. जर्मनी एक झाल्यावर पश्चिम बर्लिनला मिळणारी सरकारी सवलत आटली, पैशांची चणचण झाली, आणि 1992 मध्ये पेपर वाचकांच्या सहकारी संस्थेकडे गेला. वर्गणीचे तीन दर, ज्याला जे परवडेल ते. हे मला फार आवडलं. ऑक्टोबर 2025 पासून मात्र छापील अंक फक्त आठवड्याला.

अडलंय ते 1991-92 च्या भांडणापाशी. बाहेरचा गुंतवणूकदार की सहकार, यावर आत काय वाद झाला? आणि एक सभासद एक मत म्हणजे सभासद संपादकांना काही सांगू शकतात का? आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या सभा पाहिलेल्यांना हाच प्रश्न आधी पडणार.

कुणी जर्मन लेख वाचून चार ओळींत सांगेल का? बर्लिनमध्ये राहणारं कुणी सभासद असेल तर फारच उत्तम. व्याख्यान पुढच्या रविवारी आहे.